बोरिवलीकरांचं रान

"अगो, सड्याखालचं रान दिलंन त्याने. उक्तं."

माईंच्या बोलण्याला सुरुवात नसते. गोष्ट त्यांच्या डोक्यात केव्हाच चालू झालेली असते आणि त्या गडग्यापाशी पोचेपर्यंत ती अर्ध्यावर आलेली असते. कोणी दिलं, कोणाला दिलं, कितीला दिलं, हे आपण विचारून घ्यायचं. मी रातांब्याची सोलं उन्हात पसरत होते. हात मनगटापर्यंत लाल झालेले. ते तसेच पदराला न लावता हवेत धरून मी गडग्यापाशी गेले.

"बोरिवलीकराने?"

"नाहीतर दुसऱ्या कोणाला एवढी घाई आहे?"

बोरिवलीकर म्हणजे पुलाकडच्या अण्णांचा पुतण्या. त्याला आडनाव आहे, पण वाडीत ते कोणी वापरत नाही. नोकरीतून मोकळा झाल्यावर त्याने गावी घर बांधायला काढलं, आणि पहिल्याच फेरीत डोंगराकडे हात करून म्हणाला की हे सगळं पडीकच आहे, इथे काजू लावू. ते 'पडीक' माईंना आजतागायत टोचतंय.

"पडीक म्हणे! ऐन उभे आहेत, किंजळी आहेत, कडेला खैर आहे, ओढ्यापाशी दोन फणस आहेत. ह्याच्या आजोबांनी त्या रानातून अख्खं घर काढलंन. घर विकून खाल्लंनीत, रान राहिलं होतं."

"मिळाले किती?"

"तो सांगतो साडेतीन लाख. त्याची बायको सांगते तीन. म्हणजे अडीच." माईंचा हा हिशेब सहसा चुकत नाही. "आणि उक्तं गो! एक झाड मोजलं नाहीन. व्यापारी आला, बांधावर उभा राहिला, इकडून तिकडे मान फिरवलीन, आकडा बोलला. ह्याने चहा पाजलान नि आगाऊ रक्कम घेतलीन."

आमच्या दापोली तालुक्यात रानाचे सौदे बहुधा असेच होतात, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही. डोंगराचा मालक मुंबईला, झाडाची जात त्याला पानावरून ओळखता येत नाही, आणि व्यापाऱ्याला ती बुंध्यावरून, तीही मोटारसायकलवरून उतरण्याआधी कळते. अशा दोघांमध्ये भाव कोण ठरवणार हे उघड आहे. पण मला प्रश्न वेगळाच पडला होता.

"परवानगीचं काय केलं? सातबाऱ्यावर केवढी नावं आहेत त्यांच्या."

"तीच तर मजा आहे," म्हणून माईंनी कोपर गडग्यावर टेकलं. माईंनी कोपर टेकलं की पुढची खबर पाऊण तासाची असते. मी स्वयंपाकघराकडे बघून कुकरचा अंदाज घेतला आणि थांबले.

कोकणातला सातबारा ज्याने पाहिला नाही त्याला ही मजा कळायची नाही. बोरिवलीकराच्या त्या वरकस जमिनीवर आजोबांचं नाव अजून आहे, त्यांच्या दोन भावांची आहेत, लग्न होऊन गेलेल्या आत्यांची आहेत, आत्यांच्या मुलांची आहेत. एक पुण्यात, एक नाशकात, एक न्यू जर्सीत, आणि चारपाच जण अशा ठिकाणी जिथे टपाल जात नाही. झाड तोडायच्या अर्जाला सगळ्या सहहिस्सेदारांची संमती लागते. न्यू जर्सीवाल्याने फोनवर विचारलं म्हणे, की जमीन किती आहे आणि मला त्यातलं काय मिळणार? तीस वर्षांत त्याने रानाची चौकशी केली नव्हती. संमती मागितल्यावर केली.

कायदा तसा जुना आहे, १९६४ चा. आपल्या जमिनीतलं असलं तरी ठरावीक १६ जातींचं झाड परवानगीशिवाय तोडता येत नाही. साग, चंदन, खैर आहेतच त्यात, पण आंबा, फणस, जांभूळ, चिंच, मोह, हिरडा, ऐन, किंजळसुद्धा आहेत. खारफुटीही आहे. म्हणजे बोरिवलीकर ज्याला पडीक म्हणत होता त्यातलं बहुतेक सगळं सरकारने नावानिशी लिहून ठेवलेलं आहे. वनखात्याची माणसं येऊन पाहणी करतात, पंचनामा होतो, तोडलेल्या मालावर हातोडा उठतो, मग वाहतुकीचा पास. विनापरवाना तोडीला दंड हजार रुपयांपर्यंतच होता, त्याचं कोणाला भय नव्हतं. २०२४ साली मंत्रिमंडळाने तो ५० हजार करायचं ठरवलं तेव्हा आमच्याकडे नाक्यानाक्यावर हाच विषय होता. जो कधी झाड लावत नाही तोसुद्धा शेतकऱ्यावरच्या अन्यायाबद्दल बोलत होता.

"परवानगी व्यापाऱ्याने आणलीन," माई म्हणाल्या. "कागद त्याचे, धावपळ त्याची, ह्याने फक्त सह्या गोळा केल्यान. परवानगी किती झाडांची होती आणि ट्रक किती गेले, हे मात्र मला विचारू नको. मी काही मोजायला बसले नव्हते."

"किती गेले?"

"अकरा."

मी काही बोलले नाही. माईंनीच पुढे सांगितलं, "आणि खैर त्याच्याआधीच गेला होता. दिवाळीतच. रात्री." खैराचं हे असंच असतं. त्याच्या गाभ्याचा काथ होतो, काथाला पैसा आहे, आणि चिपळूण-सावर्ड्याकडे काथाच्या भट्ट्या पूर्वीपासून आहेत. मालक बोरिवलीत झोपलेला असताना खैराला पाय फुटतात. सकाळी बुंधा तेवढा शिल्लक.

मग माईंनी कौलाची गोष्ट सांगितली. ती मी आधी अर्धी ऐकली होती, पण माईंच्या तोंडून ऐकण्यात वेगळा अर्थ आहे. रानाच्या वरच्या अंगाला देवरहाटीची, म्हणजे देवीच्या राखीव रानाची हद्द लागते. त्यामुळे अण्णा पुतण्याला म्हणाले, आधी देवीला कौल लाव. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं: रान तोडायचं म्हणतोय, आज्ञा आहे का? डावी पाकळी पडली. सगळे गप्प. परत लावला. परत डावी.

"मग?"

"मग हा म्हणाला, प्रश्न बदला. गुरवाने विचारलंन, काजूची नवी बाग लावायची म्हणतोय, आशीर्वाद आहे का? तर उजवी पडली. हा लगेच पाया पडून उठला!" माई हसता हसता गडग्यावरून वाकल्या. "देवी तरी काय करील गो? झाडं लावू का विचारलं तर नको कशी म्हणेल?"

देवरहाटीला मात्र हात लावला नाही हे खरं. हद्दीवरचा एक जुना ऐन व्यापाऱ्याने मागितला होता. तोडणारे गडीच नको म्हणाले. त्यांनी बाकीच्या रानातसुद्धा पहिल्या झाडाला नारळ फोडून मगच कुऱ्हाड लावली. यांत्रिक करवत होती हातात, पण नारळाआधी ती चालू केली नाही.

कुकरची शिट्टी झाली. मी आत जाऊन गॅस बारीक करून आले तोपर्यंत माई आपल्या अण्णांवर पोचल्या होत्या. म्हणजे त्यांचे यजमान, जाऊन बरीच वर्षं झाली. ते लाकडाचे मोठे दर्दी. स्वतः भटजी, पण सुताराला चुका काढून दाखवायचे.

"आमच्या ह्यांनी एकदाच झाडं विकली, पण व्यापाऱ्याला दोरी हातात घेऊ दिली नाही. आपली दोरी."

ही दोरीची भानगड ऐकण्यासारखी आहे. ओंडक्याचं माप असं घेतात: दोरीने घेर घ्यायचा, दोरीची चौघडी करायची, जी लांबी येईल तिला तिनेच गुणायचं आणि मग ओंडक्याच्या लांबीने गुणायचं. घेर ४ फूट, लांबी १० फूट असेल तर चौघडी एका फुटाची, एक गुणिले एक गुणिले दहा, म्हणजे १० घनफूट. सरकारी वखारीतही चौघडीचाच हिशेब. पण शाळेतल्या भूमितीने त्याच ओंडक्याचं माप काढलं तर ते पावणेतेराच्या जवळ येतं. मधले पावणेतीन घनफूट कागदावरून नाहीसे होतात. व्यापारी म्हणतो, गोल ओंडका चौकोनी करताना कडेच्या फळ्या वाया जातात, त्याची ही वजावट. हे एका परीने खरं आहे. फक्त त्या कडेच्या फळ्या तो फेकून देत नाही, हेही खरं.

"तेवढं तर ह्यांनी सोडूनच दिलेलं होतं," माई म्हणाल्या. "रीत आहे ती. पण हा गृहस्थ घेर घ्यायला शेंड्याकडे जायचा! ओंडका मधोमध मोजायचा असतो. शेंड्याकडे साडेतीन फूट भरतो, मध्ये चार."

मी मनात गुणाकार करून बघितला. साडेतीनची चौघडी पाऊण फुटाच्या थोडी वर, वर्ग करून दहाने गुणलं की पावणेआठसुद्धा पुरतं होत नाही. दहाचे पावणेआठ, आणि खरे होते पावणेतेरा. दोरी दीड हात सरकवली एवढंच. शिवाय सालीची म्हणून दोन बोटं वेगळी वजा करायची, आणि अपूर्णांक आला की तो नेहमी खालीच उतरवायचा.

"आणि हा तर उक्तं देऊन बसला," माई म्हणाल्या. "ह्याला दोरीने फसवायचीसुद्धा गरज पडली नाही."

लाकूड गेलं कुठे, हे मी विचारलं. माईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा खरा राग दिसला. चांगले जाड ओंडके वखारीत गेले, ते ठीक. पण मध्यम घेराचे ऐन आणि किंजळी, माणसाच्या कंबरेएवढे, सरसकट दोन हातांचे तुकडे करून जळाऊ म्हणून घाटावर गेले. कुठल्या तरी बॉयलरात.

"ऐन जाळायला! आमच्या माजघराचे खांब बघितलेस ना तू?"

बघितले आहेत. माईंच्या सासऱ्यांनी उभे केलेले, अजून त्यात खिळा मारायला गेलं तर खिळाच वाकतो. वरचे वासे किंजळीचे, रिपा पोफळीच्या. पुढचं दार फणसाचं. ते नवं असताना हळदीसारखं पिवळं होतं म्हणे, आता जुन्या तांब्याच्या रंगावर गेलंय. फणसाचं लाकूड असंच वयाने तपकिरी होत जातं. देव्हारा शिवणीचा, कारण शिवण हलकी आणि वळत-वाकत नाही. मुसळ खैराचं. माईंच्या घरात फिरलं की आजूबाजूचं सगळं रान एकेक करून भेटतं, आणि कुठलंही झाड चुकीच्या जागी नाही. पूर्वी प्रत्येक झाडाला त्याचं काम वाटून दिलेलं होतं. होडीला उंडी. धुळाक्षराच्या फळीला सातवीण. आगकाड्यांना सांवर. सावंतवाडीच्या खेळण्यांना पांगारा. आंबा सगळ्यांत स्वस्त. त्याच्या पेट्या व्हायच्या, स्लॅबखालच्या सेंटरिंगच्या फळ्या व्हायच्या, आणि शेवटी माणसाला न्यायला तोच यायचा. आता पेट्या पुठ्ठ्याच्या झाल्या, सेंटरिंगला लोखंडी पत्रे आले. शेवटचं काम तेवढं आंब्याकडे राहिलंय.

माईंचा नातू इंग्लंडात आहे. त्याने मागे हार्टलपूल नावाच्या बंदरातल्या एका जहाजाचा फोटो पाठवला होता, तो माईंनी अर्ध्या वाडीला दाखवला. 'ट्रिंकोमाली' त्याचं नाव. १८१७ साली मुंबईत वाडियांच्या गोदीत बांधलेलं, मलबारी सागवानाचं. इंग्रजांना तेव्हा ओक कमी पडत होता म्हणून त्यांनी जहाज इथे बांधून घेतलं. अजून पाण्यावर आहे. "आणि ह्या बोरिवलीकराचं टेबल वर्षभर टिकलं नाही," माई म्हणाल्या.

"कुठलं टेबल?"

माईंनी दोन्ही हात गालावर ठेवले. म्हणजे मला माहीत नव्हतं! मला न सांगता ही बातमी वाडीत फिरत होती!

तर ते असं. नव्या घराला दारं-खिडक्या त्याने तालुक्याला जाऊन विकत घेतल्या. कुठलं लाकूड, तर मलेशियन साल. समुद्रातून कांडल्याला उतरलेलं, गांधीधामला कापलेलं, ट्रकने आपल्याकडे आलेलं. येताना वाटेत त्याच्याच रानातल्या ऐनाचा ट्रक त्याला आडवा गेला असेल, कोण जाणे. पण बायकोने मोबाइलवर एक टेबल पाहिलं होतं. अखंड फळीचं, कडेला साल तशीच, मधल्या भेगांत निळी काच ओतल्यासारखी. तसं आपल्या फणसाचं करायचं. व्यापाऱ्याकडून एक फाळका ठेवून घेतला, आठवड्याभरात रंधा मारून, पॉलिश करून टेबल उभं. पौषात. गणपतीला येणाऱ्या लोकांना दाखवायचं म्हणून.

"वैशाखात मधोमध फुटलं," माई म्हणाल्या. "रात्री आवाज झाला. त्यांना वाटलं चोर."

हे मी आमच्या सुतारबाबांना नंतर विचारलं. ते तंबाखू मळत म्हणाले, "फुटेल नाही तर काय करील? ओलं लाकूड. त्यात गाभ्यासकट फाळका." मग त्यांनी मला जे समजावलं ते मला कोणी कॉलेजात शिकवलं नव्हतं. लाकूड वाळताना लांबीला जवळजवळ घटत नाही, रुंदीला घटतं. तेही सगळीकडे सारखं नाही. गाभ्यापासून सालीकडे जितकं घटतं, त्याच्या साधारण दुप्पट वर्षवळ्यांच्या घेराने घटतं. गाभा मध्ये तसाच ठेवला की घेर आवळतो, जागा मिळत नाही, मग लाकूड आपली जागा स्वतः करून घेतं. म्हणून गाभा काढून मगच फळ्या पाडायच्या. फळ्यांच्या टोकांना शेण थापायचं, म्हणजे टोकं लवकर वाळून फाटत नाहीत. सावलीत एकीवर एक रचायच्या, मध्ये पट्ट्या घालायच्या, वारा खेळला पाहिजे. आणि इंचाला वर्ष. दोन इंची फळी असेल तर दोन पावसाळे वाट बघायची. त्याआधी ओंडका तळीत किंवा खाडीच्या पाण्यात बुडवून ठेवला तर आणखी बरं, किडीचं खाणं पाण्यात उतरून जातं.

"आणि अमावास्येला तोडायचं, ते?" मी विचारलं.

"चंद्राचं मला माहीत नाही," सुतारबाबा म्हणाले. "पावसाळ्यात तोडलेल्याला भुंगा लवकर लागतो, एवढं माहीत आहे."

हे सगळं मी पुढे माईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मला काय सांगतेस, मी ऐंशीला आले. त्या दिवशी गडग्यापाशी मात्र टेबलावरून त्यांनीच निसर्ग वादळाची आठवण काढली.

३ जून २०२०. वादळाचं नाव निसर्ग ठेवणाऱ्याचं तोंड आम्हाला बघायचं आहे. दापोली, मंडणगड, तिकडे श्रीवर्धन, एका दुपारीत आडवं झालं. आमच्या वाडीतले आंबे मुळांसकट उपटले गेले, माड मधून पिळले गेले, पोफळीच्या बागा झोपल्या. कित्येक आठवडे वीज नव्हती. लाकूड सगळीकडे पडलेलं, आणि त्याला गिऱ्हाईक नाही. कारण सगळ्यांकडेच पडलेलं. एरवी परवानगीसाठी खेटे घालायला लावणारा आंबा तेव्हा रस्त्यातून उचलून न्या म्हणत होते. तोही पावसात राहिला की आठ दिवसांत निळा-काळा पडतो, बुरशी धरते, मग फळीलाही घेत नाहीत. माईंनी तेव्हा आपल्या पडलेल्या आंब्याकडे पाहिलंच नाही. "तो गेला तो गेला," म्हणाल्या. चार गडी बोलावले आणि एकटा फणस सावरला. ओंडके करून घेतले, टोकांना शेण, वर जुने पत्रे. त्याचे पाट झाले. आमच्याकडे दोन आहेत. श्राद्धपक्षाला आणि केळवणाला काढतो.

आमच्या ह्यांनी त्या वर्षी व्हॉट्सॲपवर झाडांबद्दलचं ते पत्र सगळ्यांना पाठवलं होतं, शिवाजी महाराजांचं म्हणून फिरतं ते. मूळ मजकूर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. आरमाराला लाकूड लागतं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका, एखादं अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मग तोडा, असा त्याचा मतलब. बोरिवलीकराने त्याला नमस्काराचे दोन हात पाठवले होते. मला आठवतंय.

"बरं, पण काजू?" मी म्हटलं. "काजू लावणं काही वाईट नाही, माई. आपल्याकडे १९९० च्या रोजगार हमीतल्या फळबागांनीच डोंगर हिरवे केले."

"लावू दे की! मी कुठे नको म्हणते? पण जेसीबी कशाला?"

इथे माझं आणि माईंचं एकमत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. पूर्वीही रान तोडायचेच. भाताच्या तरव्याला भाजावळ करायला कवळ लागायची, ती ऐन-किंजळीचीच. घराला वासा लागायचा, मांडवाला मेढी लागायच्या. पण तोड जमिनीलगत, तिरकी, थंडीत. बुंधा तसाच. ऐन, किंजळ, साग, ही बुंध्यातून फुटणारी झाडं. पहिल्या पावसात त्यांना फुटवे येतात, त्यातला एक जोमाचा राखायचा, बाकी छाटायचे. खाली जुनी मुळं तयार असतात, त्यामुळे तो फुटवा रोपापेक्षा कितीतरी वेगाने उंच होतो. मुळांनी माती धरलेली असते ती असते. काजूच्या कलमाला दोन झाडांत सात मीटर लागतात, हेक्टरी २०० च्या आसपास कलमं बसतात. त्या दोनशे खड्ड्यांपुरती जमीन मोकळी केली, मधले बुंधे राखले, तर काजूही होतो आणि डोंगरही जागेवर राहतो.

बोरिवलीकराने जेसीबी घातला. बुंधे मुळांसकट उपटून एका कडेला ढीग केला आणि पेटवून दिला. सगळा उतार लाल, भुसभुशीत, बघायला फार स्वच्छ. त्याने फोटो टाकला तेव्हा पन्नास जणांनी अभिनंदन केलं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा असा पडतो की छत्री उघडण्यात अर्थ नसतो. जांभ्यावर मातीचा थर मुळात वीतभर. ती माती आता कुठे जाणार, हे त्याच्या खालच्या खाचरवाल्याला विचारा. तो आत्तापासून बांध चढवतोय. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्यानंतर वाशिष्ठीतून गाळ उपसायचं काम चाललं होतं ते सगळ्यांनी पाहिलं. तो गाळ आभाळातून पडलेला नव्हता.

"मी सांगितलं होतं त्याला," माई म्हणाल्या. "बुंधे ठेव म्हटलं. तर म्हणतो, माई, ओळी सरळ येत नाहीत."

"तुम्ही गेला होतात तिकडे?"

माई जरा थांबल्या. सोलं बघायला लागल्या, माझी सोलं, आणि मीठ कमी घातलंयस म्हणाल्या. एवढ्या वर्षांच्या शेजारात मला हे थांबणं ओळखता येतं. मी गडग्यावरून मान उंच करून त्यांच्या परसात बघितलं. लाकडाचं खोपटं दारापर्यंत भरलेलं. मनगटाएवढी किंजळ, एकसारखी तोडलेली, सुरेख रचलेली, पुरते दोन पावसाळे जातील एवढी. कडेला दोडक्याच्या मांडवाला लागतील अशा सरळ मेढी, शेंड्याच्या बेळक्यांसकट.

"माई!"

"काय माई? ट्रक गेल्यावर फांद्या तशाच पडल्या होत्या रानात. तो त्या ढिगात पेटवणार होता. मी म्हटलं, अरे, जाळतोस कशाला, मी साफ करून देते. तर म्हणाला, बरं होईल माई, न्या."

"म्हणजे फुकट?"

"फुकट कसं? गड्यांची मजुरी झाली ना." क्षणभर थांबून म्हणाल्या, "ती त्याने दिलीन. त्याचं रान साफ होत होतं, मजुरी मी का देऊ?"

मी कपाळावर हात मारणार होते, पण तो लाल होता.

"आणि ऐक," आता माईंचा आवाज खाली आला, म्हणजे पुलापर्यंत जाणार नाही इतपत. "ते फुटलेलं टेबल ठेवायला त्याला जागा नव्हती. आणि त्याच फणसाचे आणखी दोन ओंडके अंगणात पडले होते, व्यापाऱ्याने वाकडे म्हणून टाकलेले. म्हटलं, तुला अडचण होतेय तर आमच्या आगरात आणून टाक. त्याचाच टेम्पो होता. तळीत बुडवलेत, वर चार चिरे ठेवलेत तरंगू नयेत म्हणून. पाऊस सरला की काढीन, गाभा टाकून फळ्या पाडून घेईन. नातवाच्या मुंजीला पाट होतील. टेबल आहे माळ्यावर, त्याचे दोन पोळपाट निघतील, सुतारबाबा बघून गेलाय."

"अजून काही घेतलंत?"

"भुसा. चार पोती. पण तो त्याला नकोच होता गो." माईंनी कोपर गडग्यावरून उचललं. "बरं, तुझ्या ह्यांना सांग, उद्या सकाळी जरा येऊन जातील का? ओंडके एकदा उलटायला हवेत, आणि मला एकटीला चिरे उचलत नाहीत."

"बोरिवलीकराला बोलवा की."

"त्याला कालच बोलावलं. एक बाजू त्यानेच उलटून दिलीन. दोनदा कसं सांगायचं, बरं दिसत नाही."